कस

बनशंकरीतल्या आमच्या पहिल्या सकाळी कोणीतरी रस्त्यावरून मोठ्याने विचारले, "कसा?" मी दचकून खिडकीपाशी गेलो. परक्या गावात, परक्या भाषेच्या मुलखात, इतक्या आपुलकीने आपली विचारपूस कोण करीत असेल, या कुतूहलाने खाली पाहिले. कचऱ्याची छोटी गाडी उभी होती आणि हिरवट कोट घातलेली एक बाई दारोदार तीच हाक घालीत चालली होती. कन्नडमध्ये कचऱ्याला 'कस' म्हणतात आणि त्यातला शेवटचा अकार पूर्ण उच्चारतात, हे मला संध्याकाळी मुलीकडून कळले. सारा दिवस मात्र मी त्या प्रश्नाचे उत्तर मनाशी जुळवीत बसलो होतो.

ही गोष्ट 2018 च्या डिसेंबरातली. चौतीस वर्षे मराठीचे अध्यापन करून मी नुकताच निवृत्त झालो होतो. मुलीने बनशंकरीच्या दुसऱ्या टप्प्यात एक जुने, बैठे घर घेतले होते. पुढे अंगण, मागे परस, परसात एक नारळ आणि कुंपणाच्या भिंतीला लागून एक थोराड गुलमोहर. पत्नीच्या माहेरचे कुलदैवत बदामीची बनशंकरी असल्यामुळे तिला या वस्तीच्या नावातच कौल मिळाल्यासारखे वाटले. कनकपुरा रस्त्यावरचे इथले देऊळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले, म्हणजे तसे अलीकडचे. पण देवी तीच. वनाची शंकरी, शाकंभरी. दुष्काळात आपल्या देहातून भाजीपाला उपजवून तिने लोकांना जगवले, अशी तिची कथा. बदामीला पौषातल्या तिच्या उत्सवात 108 भाज्यांच्या पदार्थांचा नैवेद्य दाखवतात. इथल्या देवळात बायका राहुकाळात, म्हणजे एरवी अशुभ मानलेल्या वेळी, पिळलेल्या लिंबाची साल उलटी करून तिच्यात तेलवात लावतात. रस काढून घेतल्यावर उरलेली साल टाकून न देता तिचाच दिवा करावा, ही कल्पना मला त्या वेळी केवळ चमत्कृतीची वाटली. तिचा अर्थ उमगायला मला काही वर्षे आणि दोन अपराध लागले.

पहिला अपराध अज्ञानाचा. माझे बालपण राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. तिथे पातेरा जाळणे हा गुन्हा तर नव्हताच, उलट शेतीचाच एक भाग होता. उन्हाळ्यात पालापाचोळा, कवळे आणि शेण पसरून त्यावर राब भाजल्याशिवाय भाताचे रोप टाकायचे नाही, हा तिथला शिरस्ता. त्या धुराचा वास माझ्या नाकात अजून आहे. त्यामुळे 2019 च्या जानेवारीत, गुलमोहराची बारीक पाने अंगणभर पिवळा सडा घालू लागली तेव्हा, मी एका थंड सकाळी ती झाडून एका कोपऱ्यात ढीग केला आणि काडी लावली. हात शेकले. कोकण आठवले. एका अर्थाने मी तेव्हा ललित निबंधच लिहीत होतो, असे आता वाटते.

दुपारी शेजारचे गृहस्थ आले. बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी. रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातात एक घडी घातलेला छापील कागद ठेवला, नमस्कार केला आणि ते गेले. कागद कन्नडमध्ये होता. मी तो आठवडाभर देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. एखाद्या उत्सवाची पत्रिका असावी, अशी माझी समजूत होती. शेवटी मुलीने तो वाचून दाखवला. तो महापालिकेचा होता. ओला कचरा, सुका कचरा, बागेतला पाला यांचे काय करावे आणि काय करू नये, याची त्यात यादी होती. 'जाळू नये' या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती. त्या गृहस्थांच्या वृद्ध आईला दमा होता आणि तिची खोली आमच्या कुंपणाला लागूनच होती, हेही मुलीनेच सांगितले. माझ्या बालपणाच्या सुगंधाने त्या बाईने ती सकाळ खोकत काढली होती.

माझ्या नावामागे 'डॉक्टर' हे बिरूद आहे. ते साहित्याचे आहे. पण स्वतःच्या दारात आलेला, स्वतःलाच उद्देशून लिहिलेला कागद मला वाचता आला नव्हता. मी एक पाटी आणली आणि कन्नड अक्षरे गिरवू लागलो. माझे पहिले पुस्तक म्हणजे तोच कागद. 'हसी कस' म्हणजे ओला कचरा, 'ओण कस' म्हणजे सुका. हे 'ओण' आमच्या 'ओल'च्या इतके जवळचे की पहिला महिनाभर मी सुके ते ओल्यात आणि ओले ते सुक्यात टाकीत होतो आणि ती हिरवट कोटातली बाई काही न बोलता दारातच दोन्ही बादल्या पुन्हा निवडीत होती. तिचे ते न बोलणे मला विद्यार्थ्यांच्या चुका सुधारताना कधी साधले नव्हते.

अक्षरे लागू लागली तशी या मजकुरामागची कथाही कळू लागली. बंगळूरचा कचरा वर्षानुवर्षे शहराबाहेरच्या गावांच्या माथी मारला जात होता. 2012 मध्ये मावळ्ळीपुराच्या लोकांनी आपल्या हद्दीतले कचऱ्याचे आगार बंद पाडले. मंडूरच्या लोकांनी त्यानंतर आपल्या गावच्या डोंगरासाठी झगडा मांडला. त्याच्या कितीतरी आधी, 1996 साली, बंगळूरजवळ राहणाऱ्या अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात लोकहिताची याचिका दाखल केली होती. तिच्यातून 2000 साली नागरी घनकचऱ्याचे देशातले पहिले नियम निघाले. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बंगळूरकरांना घरातच कचरा वेगळा करण्यास सांगितले. हिरवी बादली ओल्यासाठी, तांबडी बादली घातक आणि अस्वच्छ वस्तूंसाठी, आणि सुक्यासाठी एक पिशवी. 2016 च्या केंद्रीय नियमांनी तर बागेतल्या पाल्याला स्वतंत्र स्थान दिले: तो मालकाने आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची वाट लावावी; रस्त्यावर, गटारात, तळ्यात टाकू नये, जाळू नये. मी काडी लावली तेव्हा हा नियम तीन वर्षांचा होता. ज्या पाचोळ्याचा मी राब केला तो नुसता माझा नव्हता. त्याचा धूर तर मुळीच माझा नव्हता. मालकी कुठे संपते आणि शेजार कुठे सुरू होतो, ही रेघ अशा नियमांनी ओढलेली असते. आपण त्यांना रूक्ष म्हणतो, कारण बहुधा आपण त्या रेघेच्या सोयीच्या बाजूला उभे असतो.

मी शेजारी क्षमा मागायला गेलो. म्हातारी खुर्चीत बसली होती. मी मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, तर ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "बसा मास्तर. चहा घेणार ना?" ती निपाणीकडची. तो भाग मुंबई इलाख्यात असताना तिची शाळा झाली होती. मराठी चौथी. त्यानंतर राज्यांच्या सीमा बदलल्या, लग्न होऊन ती धारवाडला आणि पुढे मुलाबरोबर इथे आली, आणि मराठी बोलायला माणूस उरले नाही. "धुराचं काही नाही हो," ती म्हणाली, "पण तुम्ही मला बोलायला आलात, ते बरं झालं." तेव्हापासून रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक येऊ लागली. सारे तिला 'अज्जी' म्हणत, मीही म्हणू लागलो.

दुसरा अपराध याहून वाईट, कारण तो ज्ञानाचा होता.

गुलमोहर हे झाड देखणे खरे, पण त्याचे लाकूड ठिसूळ. मूळचे ते मादागास्करचे. या मातीत माझ्यासारखेच उपरे. या शहराला सावली देणारी बरीचशी झाडे माणसांनी हेतुपूर्वक लावलेली आहेत. 1980 नंतरच्या दशकात सेतुराम गोपाळराव नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली इथे सुमारे 15 लक्ष रोपे लागली, आणि आज ज्या झाडांखालून आपण बिनघोर चालतो त्यांतली कितीतरी त्या वेळची आहेत. आमचा गुलमोहर कोणा आधीच्या मालकाने लावलेला. त्याच्या एका बाजूच्या तीन फांद्या भिंत ओलांडून अज्जीच्या खोलीच्या कौलांवर गेल्या होत्या. 2022 च्या फेब्रुवारीत तिचा मुलगा मला म्हणाला, "मेष्ट्रे, वळिवाच्या आधी त्या तेवढ्या काढल्या तर बरे होईल."

मी कायदा वाचला होता. अगदी आवडीने वाचला होता. कर्नाटकाचा वृक्षरक्षणाचा कायदा 1976 सालचा. महाराष्ट्राचा नागरी भागांसाठीचा त्याच्या एक वर्ष आधीचा, 1975 चा. आमच्याकडे वृक्ष प्राधिकरण, इथे वृक्ष अधिकारी. 'झाड तोडणे' या क्रियापदाची इथल्या कायद्याने केलेली व्याख्या एखाद्या मीमांसकाला शोभावी अशी आहे: बुंधा मुळापासून अलग करणे तर आलेच, पण फांद्या छाटणे, खोडाची साल गोल काढणे, विष घालणे, जाळणे, इतर कोणत्याही रीतीने इजा करणे, हे सारे 'तोडणे'च. नारळासारखी काही झाडे यातून वगळली आहेत. माझ्या नारळाला मी हात लावू शकत होतो, गुलमोहराला नाही. मी शेजाऱ्यांना हे सारे सविस्तर समजावून सांगितले. "परवानगी लागते," मी म्हणालो. हा शब्द कन्नडमध्येही आहे, त्यामुळे तो त्यांना तत्काळ कळला. "मग अर्जी टाका," ते म्हणाले. मी मान डोलावली.

अर्ज मी लिहिला नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कचेरी लांब होती, असे नाही. भाषेची अडचण होती, असेही नाही. मुलगी दहा मिनिटांत तो मजकूर लिहून देती. खरे कारण असे की, मला त्या फांद्या जायला नको होत्या. एप्रिलमध्ये त्या लाल होतात आणि माझ्या लिहिण्याच्या टेबलावरून त्याच तीन फांद्या दिसतात. जो कायदा झाडाला माणसाच्या उतावळेपणापासून वाचवण्यासाठी केला, तो मी शेजाऱ्याच्या वाजवी मागणीपासून स्वतःला वाचवण्यासाठी वापरला. आणि हे करताना मी अत्यंत सात्त्विक दिसत होतो.

त्याच एप्रिलमध्ये इथल्या मराठी मंडळींसमोर मी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावर बोललो. इसवी सन 1716 च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे. जहाजांना लाकूड हवे, म्हणून काय तोडावे आणि काय तोडू नये, याचा त्यात विचार आहे. अरण्यातले सागवान परवानगी घेऊन न्यावे, अधिक लागल्यास बाहेरून विकत आणावे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती गेल्यावर तिच्या दुःखाला पार राहत नाही. हा भाग मी दरवर्षी वर्गात शिकवला आहे, आणि दरवर्षी 'लेकरांसारखी' या कल्पनेवर माझा आवाज जड झाला आहे. त्या दिवशीही झाला. टाळ्या पडल्या.

मेच्या मध्यावर वळीव आला. रात्री साडेदहाच्या सुमारास वीज गेली, वारा सुटला, आणि थोड्या वेळाने जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. तीनपैकी मधली फांदी, माझ्या मांडीएवढी, अज्जीच्या खोलीवर पडली होती. कौले फुटून अर्धी फांदी आत, तिच्या पलंगावर. फुलांसकट. वीज गेल्यामुळे खोलीत उकडू लागले, म्हणून पाचच मिनिटांपूर्वी मुलाने तिला पुढच्या ओसरीत आणून बसवले होते. एरवी मी या शहरातल्या वीजपुरवठ्याविषयी फारसे चांगले बोलत नाही.

मी भिजत त्यांच्या दारात उभा राहिलो. मुलगा कंदील धरून नुकसान पाहत होता. तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते योग्यच होते. अज्जीच म्हणाली, "मास्तर, झाडाला बोल लावू नका हं. त्याला बिचाऱ्याला अर्ज लिहिता येत नाही."

त्या रात्री मी आज्ञापत्राचे ते पान पुन्हा काढले. जे मी चौतीस वर्षे शिकवले त्यात आणखी एक वाक्य आहे, आणि ते मी नेहमी घाईने वाचीत असे. झाड जीर्ण झाले असेल, निरुपयोगी असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये. अमात्यांना केवळ झाड वाचवायचे नव्हते. झाड आणि त्याच्या भोवतीचे माणूस यांच्यातला न्याय त्यांना वाचवायचा होता. तोडू नका, हा त्या न्यायाचा एक भाग. योग्य तेव्हा, विचारून, सर्वांच्या समाधानाने तोडा, हा दुसरा. मी पहिल्यावर गहिवरत राहिलो, कारण गहिवरायला काही लागत नाही. दुसऱ्यासाठी अर्ज लिहावा लागतो. 1976 च्या कायद्यातही हा दुसरा भाग आहे: झाड वठलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, जीविताला वा मालमत्तेला त्याच्यापासून धोका असेल, तर अधिकाऱ्याने परवानगी नाकारू नये. ते कलमही मी वाचले होते. शेजाऱ्यांना समजावून सांगताना तेवढे मात्र वगळले होते. टीकाकार म्हणून मी इतरांच्या निवडक वाचनावर पुष्कळ लिहिले आहे.

कौलांचा आणि पलंगाचा खर्च मी दिला. तो त्यांनी दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतला. अर्ज मी स्वतः कन्नडमध्ये लिहिला. अर्ध्या पानाचा. माझ्या प्रबंधाच्या चारशे पानांना लागले नसतील इतके कष्ट त्या अर्ध्या पानाला लागले. 'कारण' या रकान्यात मी 'जीवितास धोका' असे लिहिले आणि क्षणभर थांबलो. खरे कारण लिहायला त्या छापील कागदावर जागा नव्हती. यथावकाश माणसे येऊन पाहून गेली. त्यांनी उरलेल्या दोन फांद्या छाटायला संमती दिली आणि झाड अन्यथा निकोप असल्याने ते राखावे, असे सांगितले. मी माझ्याकडून आणखी एक झाड लावीन, असे कबूल केले.

फांद्या उतरल्या, आणि मग त्या ढिगाचे काय करायचे, हा प्रश्न आला. कचऱ्याच्या गाडीने त्याला हात लावला नाही. तो 'हसी'ही नव्हता आणि 'ओण'ही नव्हता. नियमाप्रमाणे तो माझ्याच आवारात राहायचा होता. जाड लाकूड एकाने नेले. बारीक काटक्या आणि पाला उरला. परसात मी लोखंडी जाळीचा एक उभा कणगा केला. तळाशी काटक्या, म्हणजे खालून वारा लागतो. वर सुका पाला, मग स्वयंपाकघरातली साले आणि देठे, पुन्हा पाला. ओल्याच्या दुपटी-तिपटीने सुके हवे, नाहीतर घाण येते. पिळलेल्या फडक्याइतकी ओल असावी, आठवड्यातून एकदा खालचे वर करावे, सुरुवातीला थोडे आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडावा. चौथ्या दिवशी मी हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. ढीग आतून तापला होता. काडी न लावता पेटलेला तो राबच होता. फक्त त्याला धूर नव्हता. गुलमोहराची पाने बारीक, त्यामुळे ती लवकर कुजतात. पावसाळा संपता संपता तळाशी काळेभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचे काहीतरी तयार झाले.

त्याची पहिली पाटी मी अज्जीकडे नेली. तिने चिमूट घेऊन बोटांत चुरली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "कस आहे हो याला."

तिने तो शब्द मराठीत उच्चारला. मला मात्र दोन्ही भाषा एकदम ऐकू आल्या. कन्नडमध्ये 'कस' म्हणजे कचरा. मराठीत 'कस' म्हणजे जमिनीचे सत्त्व. इथे जे टाकून देतात त्याचे नाव, तिथे जे जपायचे त्याचे नाव. सोने घासून पाहण्याच्या दगडाला कसोटी म्हणतात तोही याच शब्दाचा परिवार, आणि टीकाकाराचा सारा व्यवसाय याच दगडावर चालतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन 'कस' एकमेकांचे कोणी लागत असतील असे नाही. पण त्यांच्यामध्ये जे अंतर आहे ते सुमारे चार महिन्यांचे आहे, एवढे मी स्वतः मोजलेले आहे. कन्नडमध्ये एक म्हणही रूढ आहे, 'कसदिंद रस', म्हणजे कचऱ्यातून रस. रससिद्धांतावर मी दोन पुस्तके लिहिली. रस कशातून निष्पन्न होतो याची विभाव-अनुभावांसकट चर्चा केली. त्यात कचरा हा शब्द एकदाही आलेला नाही.

परवानगी घेताना कबूल केलेले रोप मी होंगेचे, म्हणजे आपल्या करंजाचे, लावले. कुंपणापासून दूर, अंगणाच्या मध्यावर. जागा अज्जीने खिडकीतून बोट दाखवून ठरवली. "इथून पडलं तर तुमच्याच अंगावर पडेल," असे तिचे कारण होते. आता ते माझ्या खांद्यापर्यंत आले आहे. गुलमोहर एका बाजूने उघडा दिसतो. टेबलावरून पाहताना तिथे आता आकाश आणि शेजारच्या नव्या कौलांचा एक कोपरा दिसतो. मला ते पाहायची सवय झाली आहे. 2025 च्या सप्टेंबरात इथल्या महापालिकेचे विभाजन होऊन पाच पालिका झाल्या. कचेरीवरची पाटी बदलली, अर्जाच्या मायन्यातले नाव बदलले. गल्लीतली हाक तीच आहे.

सकाळी सातच्या सुमारास ती येते. "कसा?" आता मला तिचा अर्थ कळतो, आणि तरीही दर वेळी ती मला विचारलेल्या प्रश्नासारखीच ऐकू येते. मी बादली उचलतो, आत काय आहे ते एकदा निरखून पाहतो, आणि दार उघडतो.